सांगण्याचे वीस गुण

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी मरायची नोकरी धरली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते एक.

मेडिकल कॉलेजच्या चौथ्या मजल्यावर एक खोली आहे. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. मी एका खुर्चीवर बसते. पाचव्या वर्षाचा विद्यार्थी समोर बसतो आणि सांगतो, बाई, तुम्हाला कॅन्सर आहे. मी कोसळायचं. तो गेला की डोळे पुसायचे, केस सारखे करायचे, पुढचा आत. आज नऊ वेळा कोसळले. शेवटी शेवटी तर भूक लागली होती आणि रडू जांभईसारखं येत होतं.

विषयाचं नाव 'संवाद आणि सहानुभूती'. वर कुठूनतरी फतवा निघालाय की डॉक्टरांना बोलता आलं पाहिजे. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं! विभागप्रमुख डॉ. मांदोवा, चाळिशीची, टापटिपीची, बोलणं मधात बुडवून काढलेलं. तिनेच मला शोधून काढलं. एकतीस वर्षं मी इथल्या बाहुली-नाट्यात होते, पडद्याखाली गुडघ्यांवर, हात वर. बकरी, बदक, चेटकीण. टाळ्या सगळ्या बकरीला. सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी माझा चेहरा टक लावून बघितला, तेही मार्कांसाठी.

पण गुण देणारी मी. एक तक्ता आहे, वीस गुणांचा. बसला का? पेशंटला किती जाणून घ्यायचंय ते विचारलं का? सरळ शब्दांत सांगितलं का? सांगून झाल्यावर गप्प राहिला का, की पळाला? आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात: आधी पेशंटला सांगायचं, नातेवाइकांना नाही.

हे वाचून मी मांदोवाच्या तोंडावर हसले. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, हे बल्गेरियात? आपल्याकडे डॉक्टर पेशंटला पाठ दाखवतो आणि त्याच्या बायकोला जिन्यात गाठतो."

"म्हणूनच तर तुम्ही हव्यात, नेवेनाबाई," ती म्हणाली. "नवी पिढी वेगळी घडवायचीय."

६ फेब्रुवारी

माझी भूमिका: श्रीमती पेत्कोवा, वाणसामानाचं दुकान, स्वादुपिंडाचा कॅन्सर. पोरं एकेक नमुना आहेत. एक मुलगी घड्याळाकडे बघून सहानुभूती दाखवते. एकाने मला सांगितलं, "अभिनंदन, आता आपल्याला निदान कळलंय." मी भूमिका विसरून म्हटलं, "तुझ्या आईचं अभिनंदन कर, मेल्या."

सगळ्यात वाईट यासेन. विजेच्या खांबाएवढा उंच, हात गुडघ्यापर्यंत. आला, बसला, आणि गप्प. पाच मिनिटं संपली.

मी म्हटलं, "बाळा, मी मेले तरी तुझं वाक्य पुरं व्हायचं नाही."

"खोटं वाटतं, मावशी. तुम्हाला काही झालेलं नाही, हे मला माहीत आहे," तो म्हणाला.

वीसपैकी चार. तेही बसला म्हणून.

११ फेब्रुवारी

माझ्या नवऱ्याला, कोस्ताला जाऊन आज सहा वर्षं झाली. सकाळी इमारतीच्या दारावर नवा कागद चिकटवला, आमच्याकडे गेलेल्या माणसाचा लावतात तो. जुना पावसाने पिवळा पडला होता. दरवर्षी तोच फोटो, खाली नाव, साल, 'आम्ही विसरलो नाही' आणि माझं नि लेकीचं, झोराचं नाव. तळमजल्यावरची म्हातारी म्हणाली, "काय राजबिंडा दिसतो हो तुमचा कोस्ता!" दिसणारच. जायच्या महिनाभर आधी गावात जाऊन टाय लावून फोटो काढून आला होता. जन्मात कधी टाय लावला नाही. कशाला काढला म्हणून विचारलं तर म्हणाला, पासपोर्टला. डॅन्यूबवर गळ टाकून बसणारा माणूस, त्याला पासपोर्ट कशाला हवा होता देव जाणे. पण कामाला आला.

डॉक्टरांनी मला जिन्यातच सांगितलं होतं. सात महिने मी 'अल्सर' म्हणत राहिले. बेचव लापशी भरवायचे आणि म्हणायचे, अल्सरला हेच पथ्य. एकदाही तोंडातून दुसरा शब्द निघाला नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि टाळी वाजवायला कुणी नव्हतं. माणूस शांतपणे गेला, भीती न बाळगता. हे माझं पुण्य.

झोराला हे पटत नाही. तिलाही मी सांगितलं नव्हतं. तिची स्पेनमध्ये, वॅलेन्सियाला नवी नोकरी होती, कशाला पोरीच्या जिवाला घोर. ती थेट मातीला आली. कबरीपाशी सगळ्यांसमोर म्हणाली, "तू मला बाबांचा निरोप घेऊ दिला नाहीस. मी हे कुणाशी करणार नाही, आई. कुत्र्याशीसुद्धा नाही." तेव्हापासून रविवारचा फोन, तीन मिनिटं. नात लुसिया चार वर्षांची झाली, दोनदा पाहिली. मांडीवर एकदाच घेतली.

१७ फेब्रुवारी

आज हात लावण्याचा धडा. पोट तपासण्याआधी परवानगी मागायची, हात चोळून गरम करायचे, काय करतोय ते बोलत राहायचं. मी पलंगावर आडवी. आठ जणांनी पोट दाबलं, एकाचे हात बर्फ, एकाने गुदगुल्या केल्या.

मग यासेन. आज नवल म्हणजे छान बोलत होता. "मावशी, आता उजवीकडे दाबतो. दुखलं तर सांगा." हात गरम. मी मनात चौदा गुण देऊन टाकले होते. मग बरगडीखाली त्याचा हात थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा तिथेच थांबला. आणि गडी गप्प! तोंडाचं कुलूप लागलं ते लागलंच.

"अरे, बोल की! पेशंटला अंधारात ठेवू नये, शिकवलंय ना?"

त्याने मांदोवाकडे बघितलं. ती आली, तिने दाबलं, हसली. "काही नाही, नवशिका आहे, घाबरला. पण नेवेनाबाई, आल्याच आहात तर वर सोनोग्राफी करून टाकू."

यासेनला सहा गुण. शेरा लिहिला: ऐन वेळी कच खातो.

१९ फेब्रुवारी

सोनोग्राफी झाली, मग मोठ्या मशीनमध्येही घातलं. मांदोवा स्वतः हात धरून घेऊन गेली. माझी किती काळजी घेतात इथे! नाट्यगृहात पाठ धरली तर मॅनेजर म्हणायचा, बकरी खाली का आली. पाठ हल्ली पुन्हा धरते, पण ती एकतीस वर्षांची देणगी आहे.

२४ फेब्रुवारी

पित्ताशयात खडे. बस, एवढंच. मांदोवाने बसवून, हात हातात घेऊन सांगितलं. मी म्हटलं, "बसलात, हात धरलात, सरळ शब्द वापरलेत. वीसपैकी वीस!" ती हसलीच नाही. वेळ नसतो बिचारीला.

एका फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचा नंबर मागितला. ऑफिसचं काहीतरी. झोराचा दिला.

२ मार्च, रविवार

दार वाजलं, उघडलं, तर झोरा! हातात बॅग, डोळे लाल. म्हणाली, तिकीट स्वस्त मिळालं, सुट्टी शिल्लक होती, विमानात झोप नाही. दारातच मला मिठी मारली ती सोडेचना. अगं बाई, मी तर घाबरलेच. मग मनगटावर लाल-पांढरा मार्तेनित्साचा दोरा बांधला, लुसियाने स्वतः वळलेला, गाठीगाठींचा. पहिलं फुललेलं झाड दिसलं की त्याच्या फांदीला बांधायचा.

सहा वर्षांनी लेकीचा राग गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे रडणं कुणाच्या गुणांसाठी नव्हतं.

८ मार्च

महिला दिन. झोराने माझे केस धुतले. माझे! जी फोनवर 'ठीक ना? ठीक. ठेवते' म्हणायची. टॉवेलने पुसताना म्हणाली, "आई, किती हलकी झालीयेस गं."

"चार मजले चढते. त्या कॉलेजात लिफ्ट फक्त प्राध्यापकांना."

जेवायला राजम्याचं सूप केलं होतं तिने. खारट ढोण. मी सांगितलं तसं. मी तोंडावर सांगते, तिला माहीत आहे. मीठ हातातून निसटतं हे लहानपणापासूनचं. पण ती चिडली नाही, उलट म्हणाली, "सांग, सांग. रोज सांगत जा." मी दोन चमचे खाऊन ठेवलं.

मग म्हणाली, तुझा एक चांगला फोटो दे, लुसियाला. समोर बघणारा, हसरा, साधा. सगळे अल्बम काढले, पण माझा एकटीचा फोटोच नाही. जिथे तिथे बकरी. एकात तर शिंगामागे अर्धं तोंड. म्हटलं, "तुझी आई पडद्याखालची बाई, तिचा फोटो कोण काढणार?"

तिने अल्बम मिटला आणि गॅलरीत सिगारेट ओढायला गेली. सोडली म्हणाली होती.

१२ मार्च

यासेन जिन्यात वाट बघत उभा. हातात संत्र्यांची पिशवी.

"मावशी, हे तुमच्यासाठी."

"गुण वाढायचे नाहीत हां."

"मावशी, तुमचे रिपोर्ट तुम्ही स्वतः मागून घ्या. लेखी. मागितले तर द्यावेच लागतात."

"खडे आहेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"माझ्या आजीलाही... तिलाही असंच कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून."

"बरं केलंत. शांतपणे गेली ना?"

"नाही," तो म्हणाला. "एकटी गेली. आम्ही खोलीत होतो, तरी."

म्हटलं, "वर्गात तुला चार वाक्यं जमत नाहीत आणि जिन्यात प्रवचन देतोस! परीक्षा अठ्ठावीसला आहे. तिथे बोल." आणि संत्री घेतली. गोड निघाली, पण पोटात टिकली नाहीत.

१६ मार्च, रविवार

भांडण होता होता राहिलं. झोरा म्हणते, उद्या परत जाते ती मला घेऊनच. लुसियाला समुद्रावर ने, गाणी शिकव, बकरीचा आवाज काढून दाखव. माझ्या मनात काय कमी आहे? पण परीक्षा अठ्ठावीसला, मग जूनपर्यंत दुसरी तुकडी. मांदोवा म्हणते, तुमच्याइतकं खरं कुणी मरत नाही. एकतीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

"सप्टेंबरमध्ये येते. नक्की. महिनाभर राहीन."

"आई, आत्ता चल ना. तुझ्या पाया पडते."

"अगं, सप्टेंबर काय पळून चाललाय?"

तिने तिकीट पुढे ढकललं. नोकरी जाईल म्हटलं तर म्हणाली, जाऊ दे. एवढी हट्टी कुणावर गेलीय कळत नाही.

२१ मार्च

भूमिकेसाठी मला रंग लावायची गरज नाही, असं ती घड्याळवाली मुलगी म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. त्या खोलीतल्या ट्यूबलाइटमध्ये सगळेच पिवळे दिसतात. अंगाला खाज सुटलीय, नवा साबण मानवला नाही.

हल्ली सगळी पोरं फार गोड वागतात. यातले निम्मे पास व्हायच्या लायकीचे नाहीत.

२८ मार्च, शुक्रवार

मुद्दाम बसून, क्रमाने लिहिते.

परीक्षा. मांदोवा मागे वही घेऊन. आठ जण झाले. चार चांगले. नववा यासेन. दार लावलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली, बसला. रुमालांचा डबा सरकवला नाही. तो सगळे सरकवतात, आणि पेशंटला तिथेच कळतं. मी मनात म्हटलं, शाब्बास.

"तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहीत आहे?"

मी पेत्कोवाच्या आवाजात: "खडे आहेत म्हणे." खरं तर पेत्कोवाचं वाक्य 'पोट दुखतं' असं आहे. चुकून माझं आलं तोंडात.

"तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की काहीच नाही? काहीच नाही म्हणालात तरी चालेल."

"सगळं," मी म्हटलं. "पोट माझं आहे, नातेवाइकांचं नाही." हे वाक्य तक्त्यात नाही. मला आवडतं म्हणून मी प्रत्येक वेळी घालते.

मग म्हणाला, "पेत्कोवाबाईंना नाही विचारत. नेवेना मावशी, तुम्हाला विचारतोय. तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय?"

नाव चुकला, मी मनात म्हटलं, एक गुण गेला. मागे मांदोवाची खुर्ची वाजली. "यासेन, थांब. परीक्षा थांबवतेय मी."

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा. एकतीस वर्षं मी लाकडाच्या तोंडांना भाव दिले. खरा भाव मला ओळखता येतो. लेकीचे केस धुणारे हात, जिन्यातली संत्री, कमरेवरून घसरणारा माझा स्कर्ट, ती मिठी... सगळ्या दोऱ्या एकदम दिसल्या आणि त्या कुणाच्या हातात आहेत तेही दिसलं.

"बसा खाली, डॉक्टरीणबाई," मी म्हटलं. "हो, यासेन. मला."

तो म्हणाला, "स्वादुपिंडात गाठ आहे. कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय. बरा होणार नाही. काही महिने आहेत, सप्टेंबरपर्यंत कदाचित नाही." आणि गप्प बसला. पळाला नाही. मी कोसळले नाही. शंभरदा कोसळले त्या खुर्चीवर; आज नुसती बसून राहिले. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी तक्ता पुढे ओढला आणि गुण दिले. वीसपैकी एकोणीस. एक कापला: रडला. रडायचं काम पेशंटचं.

तो गेल्यावर मांदोवा म्हणाली, "मी सांगणारच होते. परीक्षा झाली की."

"परीक्षा झाली की!"

"तुमच्याशिवाय दुसरं कोण होतं? आणि तुमच्या मुलीनेच विनवलं, आईला कळू देऊ नका. मी काय करणार? आपल्याकडे..."

"आपल्याकडे काय? तक्ता तुमचा, वरची जाड ओळ तुमची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! मी काही महिन्यांत मरणार आणि तुम्ही मला इथे बसवून मरायचे धडे देववलेत!"

असं बरंच बोलले. जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. तिने यासेनला नापास केलंय, डीनकडे तक्रार जाणार. पेशंटची गोपनीयता मोडली म्हणे! कुणापासून मोडली, माझ्यापासून?

निघताना दारात थांबून म्हटलं, "माझं सगळं तुम्ही माझ्या लेकीला मला न विचारता सांगितलंत. आता मला कळलंय, हे तिला माझ्या परवानगीशिवाय सांगायचं नाही. एवढं तरी पाळा."

ती म्हणाली, शब्द देते.

२९ मार्च, शनिवार

काल घरी पोचले तेव्हा झोरा फोन ठेवत होती. स्पेनचा होता म्हणाली. रात्री दोघी लवकर झोपलो, म्हणजे आडव्या झालो.

सकाळपासून ती बानित्सा करत होती, चीज घालून, थरांवर थर. डोळे सुजलेले. म्हणाली, कांद्याने. बानित्सात कांदा नसतो.

मी सगळं ठरवून स्वयंपाकघरात गेले. बसायचं, किती जाणून घ्यायचंय ते विचारायचं, सरळ शब्दांत सांगायचं. नऊ पोरांना शिकवलंय, एका लेकीला सांगायला काय लागतं? ती वळली. गालाला पीठ लागलेलं. "परीक्षा कशी झाली, आई? काल बोललीच नाहीस."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"झाली. आठ पास, एक नापास. आणि डॉक्टरीणबाई म्हणाली, खडे बारीक आहेत, काळजीचं कारण नाही."

"हो ना?" ती म्हणाली. "मी म्हणतच होते, खडेच आहेत." आणि ओव्हनच्या दाराला टेकून हसली. फार छान हसली.

वीसपैकी शून्य. माझे. आणि मला यासेनची मान मुरगळायची इच्छा झाली, की त्याने शिकवल्याप्रमाणे केलं, आणि स्वतःची, की मी शिकवलं. आमच्याकडे म्हणतात, आजारी धडधाकटाला पाठीवर नेतो. नेते बापडी. सवय आहे.

खिडकीतून खाली इमारतीचं दार दिसत नाही, पण मला त्या दारावरचा कोस्ता दिसला, टाय लावलेला. पासपोर्टला म्हणाला होता. अरे माझ्या राजा! सात महिने मी तुझ्यासमोर अल्सर अल्सर करत होते आणि तू लापशी गिळत होतास, आणि एक दिवस एकटा जाऊन दारावर लावायचा फोटो काढून आलास. मला धावपळ नको म्हणून. आणि मी पुण्य म्हणून मिरवलं. तू खोलीत एकटा होतास, मी शेजारी बसले होते, तरी.

"झोरा," मी म्हटलं, "सोमवारचं तिकीट मिळेल का? दोन."

तिच्या हातातला ब्रश खाली पडला. "सप्टेंबर म्हणाली होतीस ना?"

"सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे फार उकडतं."

"हो," ती म्हणाली. "फार उकडतं."

मग मी अल्बम काढला आणि तो शिंगवाला फोटो तिच्या हातात दिला. "हा घे. लुसियाला."

"यात अर्धीच दिसतेस, आई."

"असू दे. माझ्याबरोबर बकरीचंही नाव झालं पाहिजे, टाळ्या तिच्याच होत्या. मोठा केलास तरी चांगला येईल."

तिने हात पुसले आणि फोटो आपल्या बॅगेत ठेवला. कुठे लावणार ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

मागच्या अंगणातला जर्दाळू फुललाय. लुसियाचा दोरा मी फांदीला बांधला नाही, मनगटावरच ठेवला. वॅलेन्सियाला बांधीन, तिला उचलून घेऊन.

बानित्सा टेबलावर आली. मी तीन घास खाल्ले. मीठ जास्त पडलं होतं. तेही सांगितलं नाही.